चाकं काढलेलं घर

नबिला फक्त एका शब्दावर अडखळली. बाकीचा कागद तिने घडाघडा वाचला, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत आणि ओळ संपली की लगेच इंग्रजीत सांगत. वस्तीच्या लोखंडी फाटकावर तो कागद त्या गुरुवारी सकाळीच कोणीतरी चिकटवला होता. चिकटपट्टीचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं. वाचायला स्मिताबाईंनीच लावलं. त्यांची ती जुनी खोड. शिकवणीला येणारं पोर फाटकाशी भेटलं की त्याच्याकडून वाटेतलं काहीतरी वाचून घ्यायचं, दुधाचा खोका म्हणा, सिमेंटचं पोतं म्हणा, ट्रकच्या पाठीवरची पाटी म्हणा. अक्षर दिसूनही न वाचता पुढे गेलं तर ते रुसतं, असं त्या लहान पोरांना सांगत. नबिला आता दहा वर्षांची होती आणि अक्षरं रुसत नाहीत हे तिला कळत होतं, पण बाईंना बरं वाटतं म्हणून ती वाचायची. शाळेत अरबी सक्तीची, घरी मौलवी येऊन शिकवायचा, यंदा तर अरबीत वर्गात पहिली आली होती. "टीचर, इट सेज ऑल कॅराव्हान्स मस्ट लीव्ह धिस लँड बिफोर थर्टी जून," ती म्हणाली. "ओनर हॅज सोल्ड द लँड. अँड द वन्स दॅट कान्ट मूव्ह..." इथे ती थांबली. शब्दावर बोट ठेवून तिने तो ओठांतल्या ओठांत फोडून पाहिला. "दे विल बी... ब्रोकन, आय थिंक. अँड नो मनी फॉर दॅट."

अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी, पाय नुसताच जमिनीवर आपटावा, तसं स्मिताबाईंना झालं. शेजारच्या गॅरेजमधून गाडीला मारलेल्या रंगाचा वास येत होता. कागदाच्या खाली अरबी आकड्यांत साल होतं. गाड्यांच्या नंबरप्लेट वाचून वाचून ते आकडे इथल्या सगळ्यांनाच येतात. एक, नऊ, नऊ, नऊ. चालू साल. उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर याच मुलीचे आईवडील त्यांचं घर विकत घ्यायला येणार होते.

"चुकलं तुझं," त्या म्हणाल्या.

नबिलाने मान वर केली. रागावली नाही, तिला फक्त नवल वाटलं. संगमनेरच्या शाळेत आठ वर्षं आणि इथे आखातात अकरा, एवढ्या काळात स्मिताबाईंनी कुठल्याही पोराला 'चुकलं' म्हटलं नव्हतं. 'पुन्हा बघ' म्हणायच्या. सात आठे चोपन्न म्हणणाऱ्यालाही पुन्हा बघ, आणि 'क' चं पोट उलट्या बाजूला काढणाऱ्यालाही पुन्हा बघ. पोर पुन्हा बघतं आणि त्याचं त्यालाच सापडतं, यावर त्यांची श्रद्धा होती. देवावर होती त्याहून थोडी जास्तच. नबिलाही सवयीने पुन्हा कागदाकडे वळली. "बट टीचर, सी, हिअर. थर्टी जून." "तो एक शब्द तुला आला नाही ना? त्याच्यामुळेच सगळा अर्थ उलटा झाला. जमिनीच्या भाड्याचं काहीतरी आहे ते." हे सांगताना आपला आवाज किती मऊ आहे हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मुलाला नेमकी कुठे खात्री वाटत नाही ते हेरायचं आणि तिथे हळूच हात ठेवायचा, ही त्यांची विद्या होती. तीच विद्या वापरून त्यांनी त्या एका अडखळलेल्या शब्दावर बोट ठेवलं आणि दाबलं. पोरीचं बोट कागदावरून खाली आलं. "ओके टीचर," ती म्हणाली.

शिकवणीत त्या दिवशी अपूर्णांक होते. नबिलाने पहिलं उदाहरण सोडवलं, खोडलं, तेच उत्तर पुन्हा लिहिलं आणि वही पुढे सरकवून विचारलं, "इज इट राइट?" एरवी ती पाच-पाच उदाहरणं सोडवून मोकळी व्हायची आणि पाय हलवत बसायची. स्मिताबाईंनी 'हो' म्हटलं. दुसऱ्या उदाहरणानंतर वही पुन्हा पुढे आली.

या वस्तीची रीत अशी होती की घर आपलं आणि जमीन अरबाबची. अरबाब म्हणजे मालक. अकरा वर्षांत तो त्यांना दोनदा दिसला होता, दोन्ही वेळा गाडीच्या काळ्या काचेआड. त्याच्या मोकळ्या वाळूच्या तुकड्यावर तिसेक कॅराव्हान, चाकांवरची डब्यासारखी घरं, ओळीने उभ्या होत्या. ज्यांच्या पगारात फ्लॅट बसत नाही आणि ज्यांना बायकामुलांना गावी ठेवायचं नाही, अशी माणसं तिथे राहत. जाणारा माणूस आपली कॅराव्हान येणाऱ्याला विकायचा, वली नावाचा पठाण नातूर, म्हणजे राखणदार, नवं नाव वहीत लिहून घ्यायचा आणि महिन्याचं जमीनभाडं नव्या माणसाकडून सुरू व्हायचं. स्मिताबाई आणि त्यांचा नवरा सतीश यांना त्यांची कॅराव्हान जमाल नावाच्या माणसाने विकली होती. तेव्हा तिला चार चाकं होती. दारात उभं राहिलं की सगळं घर किंचित डुलायचं, आणि स्मिताबाईंना पहिल्या दिवशी स्वयंपाक करताना मळमळायला लागलं. डुलण्याने नव्हे, विचाराने. घर आहे तिथे राहिलं पाहिजे. वास्तुशांत केल्याशिवाय मी इथे चूल पेटवणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. सतीशने दुबईहून एक गुरुजी आणले. ते एरवी कापडाच्या दुकानात नोकरीला होते, शुक्रवारी भिक्षुकी करत. गुरुजींनी सगळीकडून फिरून पाहिलं, वाकून खालची चाकं पाहिली, आणि म्हणाले, "वहिनी, हिला चाकं आहेत. चाकांवरच्या वस्तूची वाहनपूजा होते. हार घालतो, लिंबू बांधतो. वास्तुशांत नाही व्हायची."

लोक हसले होते. सतीशही हसला होता. पण स्मिताबाईंनी आठ दिवस स्टोव्ह पेटवला नाही, बाहेरून खुबूस, इथल्या भट्टीतल्या रोट्या, आणून खाल्ले, आणि नवव्या दिवशी सतीशने वलीच्या मदतीने जॅक लावून चाकं आणि आस काढून टाकली. खाली सिमेंटचे ठोकळे दिले, कडेने विटांचं जोतं बांधलं, गिलावा केला, तीन पायऱ्या केल्या. चाकं वलीने नेली. कुणाच्या तरी बोट ओढायच्या ट्रेलरला लागली म्हणे. मग गुरुजी आले, होम झाला, धुराने डोळे चुरचुरले, आणि आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची इवलीशी प्रतिमा पुरली गेली. परक्याच्या वाळूत. त्या वेळी हा शब्द स्मिताबाईंच्या मनात आला नव्हता. त्या दिवशी घर डुलायचं थांबलं आणि त्यांनी पुरणाचा नैवेद्य केला. पुढे त्याच जोत्यावर पोरं दप्तरं ठेवू लागली. मूलबाळ नव्हतं, होती ती ही. शेजारच्या बायका म्हणायच्या, बाकी सगळ्यांचे डबे, तुमचं मात्र घर. ते ऐकायला त्यांना आवडायचं, अगदी आत कुठेतरी आवडायचं, आणि आता त्यांना कळत होतं की त्या आवडीपोटीच आपल्या घराचे पाय आपण तोडून घेतले. तीस जूनला बाकीचे डबे कुठल्या तरी ट्रकमागे निघून जातील, दुसऱ्या कुणाच्या वाळूवर उभे राहतील. जोत्यावरचं घर तेवढं मोडलं जाईल. आणि त्या दिवशी त्या घरात त्या नसतील, नबिला असेल.

सतीश कामावरून आला तेव्हा सूर्यास्ताची अजान होत होती. तो एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता. साठ पूर्ण झाली, कंपनीने व्हिसा वाढवला नाही, बारा मेचं तिकीट हातात होतं. त्याने बूट काढायच्या आतच स्मिताबाईंनी कागदाचं सांगितलं. तो एक बूट हातात घेऊन बसून राहिला.

"कोणी वाचलं?"

"नबिलाने."

"अरे देवा. तिने घरी सांगितलं?"

"मी तिला म्हटलं, तू चुकीचं वाचलंस."

सतीशने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत सुटका होती आणि कौतुकही होतं, आणि त्या कौतुकाची स्मिताबाईंना शिसारी आली. "बरं केलंस," तो म्हणाला. "अगं, नीट बघ. टेक्निकली आपल्याला कुणी काही कळवलंय का? नोटीस अरबीत. आपल्याला अरबी येतं? नाही. खलास."

"अहो, पण आता कळलंय ना."

"एका दहा वर्षांच्या पोरीकडून. तीही म्हणते आय थिंक." त्याने दुसरा बूट काढला. "जमालने सांगितलं होतं आपल्याला, उन्हाळ्यात टाकीतलं पाणी चहासारखं उकळतं ते?"

"ते पाणी होतं हो."

"आणि ही जमीन आहे. दोन्ही आपली नव्हती." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "नऊ हजार दिरहम येतायत, स्मिता. आपले एक लाख सहा हजार रुपये. तेवढे भरले की अंबरनाथचा बिल्डर किल्ली देतो. नाहीतर बारा तारखेला रात्री विमानतळावरून कुठे जायचं, ते तू सांग."

कुठे जायचं ते दोघांनाही माहीत होतं. डोंबिवलीला, दिराकडे. मागच्या सुट्टीत जावेने फ्रिज उघडून खालचा कप्पा दाखवला होता, "हा तुमचा हं, ताई." त्यात काही वाईट नव्हतं. तिच्या घरात तिने जागाच करून दिली होती. पण त्या कप्प्यात ठेवलेली अर्धी चिरलेली लिंबं, आपल्याच नावाचा तो थंडगार चौकोन स्मिताबाईंना पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला. साठीनंतर माणसाला एक कप्पा मिळतो आणि त्याने आभार मानायचे असतात. अंबरनाथच्या त्या दोन खोल्यांत त्यांनी मनातल्या मनात फळा कुठल्या भिंतीवर लावायचा हेही ठरवलं होतं. संध्याकाळी चार पोरं येतील. आता त्या भिंतीकडे मनाने जायला लागलं की तिथे फळ्यासमोर नबिला उभी दिसायची, बोट खाली घेतलेली. "ती माझी विद्यार्थिनी आहे हो," त्या म्हणाल्या. सतीश पाय धुवायला उठला होता. "आहे नव्हे, होती म्हण," तो आतून म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याचं गणित बरोबर होतं, आणि बरोबर गणितापुढे काय बोलायचं असतं हे त्या कधीच शिकल्या नव्हत्या.

शुक्रवारी नमाजाहून नबिलाचा बाप युसुफ तसाच आला, पांढऱ्या कुर्त्यात, बरोबर बायको रशीदा आणि नबिला. युसुफ मूळचा रत्नागिरीकडचा, इथे भाजीबाजारात गाळा चालवायचा. चार वर्षं ते तिघे दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होते. मध्ये प्लायवूडची भिंत, स्वयंपाकघर वारावर वाटून घेतलेलं. रशीदा दारात थांबली, खाली वाकली आणि जोत्यावरून तळहात फिरवला, गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "बाकीचे डबे हायत, टीचरबाई. तुमचा घर हाय," ती म्हणाली. "मी ह्यांना बोललेय, घ्यायचा तर ह्योच. बिनचाकाचा." तिने परड्यात लावायला मिरचीचं बी आणलं होतं, रुमालाच्या टोकाला बांधून. स्मिताबाईंनी चहा ठेवला. पाणी उकळायला लागलं, पूड पडली, रंग उतरला, आणि तेवढ्या वेळात त्यांनी सगळं वाक्य मनात तयार केलं. शिकवताना करायच्या तसं, सोपं, लहान लहान तुकड्यांत. घर घेऊ नका. जूनमध्ये जागा खाली होणार आहे. काल मला कळलं. तीन वाक्यं. पहिलीतल्या पोरालाही कळतील अशी. बाहेर येऊन ट्रे खाली ठेवत त्या म्हणाल्या, "युसुफभाई, एक सांगायचं होतं."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सतीशने जमिनीकडे पाहिलं. नबिला आईला टेकून बसली होती.

"एसीचा फिल्टर दर आठवड्याला काढून धुवा," स्मिताबाई म्हणाल्या. "इथे धूळ फार."

"धुऊ की," युसुफ हसला. "ही धुवेल. आमच्यात धुवायचं खातं हिच्याकडे." "आणि मळवायचं ह्यांच्याकडे," रशीदा म्हणाली. सगळे हसले, सतीश जरा जास्तच. चहा बशीत ओतता ओतता युसुफला आठवण झाली. "काय वो बाई, फाटकावर कायतरी लागलाय अरबीत. वलीस विचारलं, तर बोलतो पाण्याचा असेल, मला कुठे वाचाया येतं. म्हणून हिला बोललो, वाच गो. तर ही बोलते, मला नीट वाचाया येत नाय!" त्याने लेकीच्या डोक्यावर टपली मारली. "वर्गात पहिली म्हणे. मौलवीला महिन्याच्या महिन्याला पैसे मोजतोय, आणि बापाच्या कामाला आली तेव्हा मुकी. बक्षीस कसलं मिळालं तुला, गप्प बसायचं?" "आय सेड आय डोन्ट नो, पप्पा," नबिला म्हणाली. ती बापाकडे बघत नव्हती. स्मिताबाईंकडेही नाही. चटईच्या किनारीतला एक धागा ती नखाने उचलत होती. स्मिताबाईंच्या ध्यानात आलं की मुलगी खोटं बोलत नाहीये. तिला खरंच आता माहीत नव्हतं. काल दुपारी चार वाजता तिला माहीत होतं, आणि चार वाजून पाच मिनिटांनी ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं. पोराने खोटं बोललेलं एक वेळ परवडतं. खोटं बोलणारं पोर खरं कुठे आहे ते राखून असतं.

"भाड्याचं असेल काहीतरी," सतीश म्हणाला. "अरबाबचे असे कागद लागतच असतात. यल्ला, आपण आपलं काम करू." त्याने टाइपिंगच्या दुकानातून करून आणलेला कागद काढला. जुन्या गाड्या विकताना करतात तसलाच, इंग्रजीत, नावं तेवढी बदललेली. युसुफने तो हातात घेतला, वरून खाली नजर फिरवली आणि लेकीपुढे धरला. "हे तरी वाच. इंग्लिश हाय. सही करायच्या आधी वाचून घ्यावं, असं बाईच सांगतात ना तुमाला?"

नबिला उठून उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशी. पहिला शब्द वाचला आणि थांबली, स्मिताबाईंकडे पाहिलं. "हं," स्मिताबाई म्हणाल्या. दुसरा शब्द. पुन्हा थांबली. नावं आली, नंबर आला, कॅराव्हानची लांबी-रुंदी आली. जी मुलगी पान पान एका दमात म्हणायची ती एकेक शब्द खाली ठेवत होती आणि तो उचलला जाईपर्यंत पुढे जात नव्हती. युसुफ कौतुकाने बघत होता. त्याला वाटलं, टीचरसमोर पोर जपून वाचतेय. "द बायर," नबिला म्हणाली.

"बरोबर."

"हॅज सीन."

"बरोबर."

"अँड अंडरस्टुड. एव्हरीथिंग."

इथे स्मिताबाईंना थांबवता आलं असतं. दहा वर्षांच्या मुलीने त्यांच्यापुढे तो शब्द धरून ठेवला होता आणि त्यांनी काही म्हणेपर्यंत ती धरूनच ठेवणार होती. तेवढा वेळ होता, पुरेसा होता, पुरून उरेल एवढा होता. सतीशने खोकल्यासारखं केलं. रशीदा रुमालाची गाठ सोडून बी तळहातावर घेऊन बघत होती.

"बरोबर," स्मिताबाई म्हणाल्या. "पुढे."

"अँड शॅल हॅव नो क्लेम आफ्टर धिस डेट."

युसुफने 'बिस्मिल्ला' म्हणून सही केली, मोठी, सावकाश, नाव पूर्ण काढून. सतीशने केली. खाली साक्षीदाराची एक ओळ रिकामी होती. "तिथे बाईंचीच पायजे," युसुफ म्हणाला. "बाईंच्या सहीपुढे आपल्याला काय नको." नबिलाने कागद उचलून दोन्ही हातांनी स्मिताबाईंपुढे धरला, वही तपासायला द्यायची तसा, आणि बाजूला उभी राहिली. स्मिताबाईंनी सही केली. खाली आडवी रेघ ओढली, तारीख घातली. मुलगी तरीही तिथेच उभी होती, कागद परत मिळायची वाट बघत. परत मिळाल्यावर तिने तो वरपासून खालपर्यंत पाहिला, बाईंनी कुठे काही खोडलंय का ते शोधत, आणि कुठेच काही खोडलेलं नाही असं दिसल्यावर बापाच्या हातात दिला.